पंगतीत नाव विचारत नाहीत

तामलवाडी,
१२ फेब्रुवारी २०२४

बाई, तुम्हाला माझे शरणु.

फोन करून उपयोग नाही हे माहीत आहे. मागच्या वेळी उत्कर्षदादांनी तुमच्या कानाशी मोबाइल धरला होता आणि मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "बरं, बरं" म्हणत होतात. म्हणून लिहिते.

गेल्या मंगळवारी मिलमध्ये अपघात झाला. महालिंगप्पा मालकांच्या या डाळ मिलमध्ये तुम्हीच मला चिकटवलंत, त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. हजेरी, गाड्यांच्या पावत्या, बाहेर जाणारी पत्रं, सगळं माझ्याकडे असतं. मशीनच्या बाजूला मी फारशी जात नाही, पण त्या दिवशी ओरडणं ऐकून धावले. पॉलिशच्या मशीनच्या पट्ट्यात सुबलचा उजवा हात गेला होता. सुबल म्हणजे आमच्याकडचा बंगाली माणूस, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, पोती उचलायचा आणि मशीनही बघायचा. पट्ट्यावरची जाळी डिसेंबरात दुरुस्तीसाठी काढली, ती परत बसवलीच नव्हती. त्याची तीन बोटं गेली. अंगठ्याचं अजून सांगता येत नाही म्हणतात. मिलच्या टेम्पोतून त्याला सोलापूरला नेलं. दवाखान्याचा खर्च मालकांनी केला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मालक वाईट माणूस नाहीत.

अपघाताची केस म्हणून दवाखान्याने पोलिसांना कळवलं आणि पोलिसांनी मिलकडून लेखी मागितलं. ते पत्र मी लिहिलं. मालकांनी सांगितलं तसं.

सुबलकडे कसलाच कागद नाही. आधार नाही, रेशन कार्ड नाही, काही नाही. तो आपल्या देशातला नाहीच, हे मिलमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यामुळे कायदा त्याला लागू होत नाही, हे मी दवाखान्यात जाऊन त्याला नीट समजावून सांगितलं. सांगितलं नसतं तर तो उगाच आशेवर राहिला असता.

माझा प्रश्न एवढाच आहे. मालकाने सांगितलं आणि कारकुनाने लिहिलं, तर ते लिहिणं कुणाचं? गेले सहा दिवस घास उतरत नाही. आई म्हणते दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या.

तुमची
शिवलीला


धाराशिव,
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय शिवलीला,

पत्र मिळालं. चौथीत असताना तू एकेक ओळ खोडून खोडून कागदाला भोक पाडायचीस. अजून तशीच आहेस.

महालिंगप्पांना मी तीस वर्षं ओळखते. आपल्या शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे त्यांनी घातले आणि स्वतःच्या नावाची पाटी लावू दिली नाही. असा माणूस जखमी कामगाराला वाऱ्यावर सोडणार नाही. मला वाटतं, तू त्या दिवशी रक्त पाहिलंस त्याने हबकली आहेस. चार दिवस सुट्टी घे, इकडे ये, माझ्या हातचं गोडं वरण खा. कारकुनाचं काम लिहायचं. आमच्या लग्नानंतर वसंतरावांनी बावीस वर्षं सोलापूरच्या कामगार न्यायालयात दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं. त्यातलं पाप ते घरी आणत नसत.

दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. पट्टा, जाळी, टेम्पो, सगळं लिहिलंस. त्या पत्रात काय लिहिलं, ते मात्र लिहिलं नाहीस.

आणि कायदा त्याला लागू होत नाही, हे तुला कुणी सांगितलं? कुठं वाचलंस? तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस, म्हणून विचारते. वसंतरावांची पुस्तकं ट्रंकेत आहेत. ती रद्दीत घालायच्या मागे उत्कर्ष दोन वर्षं लागला आहे. मी काढून बघते.

जेवत जा.

तुझी
वनमालाबाई


तामलवाडी,
२७ फेब्रुवारी २०२४

बाई, शरणु.

तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं. विचारावं असंही वाटत होतं. पत्रातलं जसंच्या तसं उतरवते.

"सदर जखमी इसम हा आमच्या मिलचा कामगार नाही. मिलतर्फे चालविल्या जाणाऱ्या दासोहात जेवणासाठी आलेला तो अनोळखी इसम असून, जेवणानंतर विनापरवानगी मशीनजवळ गेल्याने त्यास इजा झाली आहे."

अक्षर माझं. शिक्का माझ्या हाताने मारलेला. खाली सही मालकांची.

मालकांचा दासोह तुम्ही पाहिला आहे. त्यांच्या वडिलांपासून दुपारची पंगत चालते, येईल तो बसतो. वाढताना कुणाचं नाव, गाव, जात विचारायची नाही हा नेम आहे. एका नव्या वाढप्याने कुणाला तरी "कुठले पाव्हणे?" विचारलं, तर मालकांनी त्याच्या हातातलं वरणाचं भांडं काढून घेतलं होतं. मला याचं फार कौतुक होतं. कुणी आलं की मी सांगायची, आमच्याकडे असं असतं म्हणून.

त्या दिवशी मालकांनी मजकूर सांगितला तेव्हा मी म्हटलं, "मालक, सुबल आपल्याकडे सव्वा वर्ष काम करतोय."

ते म्हणाले, "करतोय की. पण आला कशाला हुता? कोजागरीला तुळजापूरला चालत निघाल्याल्या लोकांसंगं पंगतीला बसला. आपण नाव इचारलं का?"

"नाही."

"मग अनोळखीच की, लीलव्वा. हितं जेवतोय तवर दासोहातलाच म्हणायचा. आन् मी त्याच्या भल्याचंच सांगतुया. कामगार म्हणून लिवलं की कागद मागत्याल. कागद न्हाईत म्हणलं की उचलत्याल. अनोळखी माणसाला कोण काय इचारतंय?"

बाई, मला ते पटलं. पटलं नव्हतं असं आज लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. शिवाय मनात दुसरंही होतं. हजेरी माझ्या हातची. सुबल आला तेव्हा मालक म्हणाले, त्याचं नाव घालू नको, आणि मी घातलं नाही. का, हे एकदाही विचारलं नाही. तो कामगार ठरला असता तर हजेरीत का नाही, हे पहिल्यांदा मला विचारलं असतं.

आणि तो मला अनोळखी नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मराठी अक्षरं शिकवत होते. त्यानेच म्हटलं होतं, दीदी, बसची पाटी तरी वाचता आली पाहिजे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मी पहिल्यांदाच कुणाची तरी बाई झाले होते. त्याचं आडनाव मंडल. आई सीमेच्या पलीकडे असते, तिच्या दारात फणस आहे. तो सहा वर्षांचा असताना मामाबरोबर इकडे आला. मामा वारला, तेव्हापासून तो कुणाचाच नाही. एवढं मला माझ्या चुलतभावांबद्दल माहीत नाही.

दवाखान्यात मी त्याला म्हटलं, "तक्रार केलीस तर पोलीस तुलाच धरून नेतील. कागद नाही त्याला कायदा नाही."

तो म्हणाला, "दीदी, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

तुम्ही विचारलंत, कुठं वाचलंस. कुठंच नाही, बाई. मी त्याच्यासाठी घाबरले होते की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण घाबरले होते आणि त्या भीतीला मी कायदा म्हटलं.

दासोहाच्या स्वयंपाकघरात प्रेमाबाई आहेत, भाकरी करतात. पत्राचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मी पाणी प्यायला गेले तर म्हणाल्या, "या, शिकल्याली बाई. सव्वा वरीस माझ्या हातची भाकर खाल्ली त्यानं. मला लिवता येत न्हाय, म्हणून माझ्या हातनं असलं काय झालं न्हाय बघा."

शनिवारी सुबलला दवाखान्यातून सोडलं. मिलमागच्या खोलीत त्याचं सामान होतं. ते त्याने एका हाताने बांधलं. त्याला जा असं कुणी म्हटलं नाही. थांब असंही कुणी म्हटलं नाही. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. तो कुठे गेला ते कळलेलं नाही.

शिवलीला


धाराशिव,
६ मार्च २०२४

प्रिय शिवलीला,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, तो भाग वेगळा.

आधी कायद्याचं. भरपाईच्या कायद्याचं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी मिळालं. कामगार कोणाला म्हणायचं, ते मी तीनदा वाचलं. काम काय करत होता, कुणासाठी करत होता, आणि इजा कामावर असताना कामामुळे झाली का, याभोवती सगळं आहे. तो कुठल्या देशाचा, हे त्या व्याख्येत विचारलेलंच नाही. हजेरीत नाव नसलं म्हणून त्याने केलेलं काम पुसलं जात नाही. साक्षीने ते शाबीत करता येतं. समासात वसंतरावांनी पेन्सिलीने लिहिलंय, "दोन वर्षांच्या आत अर्ज."

मी तेवढ्यावर थांबले नाही. त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या वकिलांकडे उत्कर्षला पाठवलं. त्यांचा निरोप असा की अर्ज करता येतो. पण परदेशी माणसांचा कायदा वेगळा आहे आणि तोही तितकाच खरा आहे. भरपाईचा अर्ज केला म्हणून पोलिसांपासून कुणी वाचत नाही. एका कोर्टात त्याच्या बाजूने निकाल लागेल आणि दुसऱ्या दाराने त्याला घेऊन जातील, असंही होऊ शकतं.

म्हणजे तू त्याला सांगितलंस त्यातलं अर्धं खरं होतं. त्याला घाबरण्यासारखं आहे, हे खरं. त्याला हक्क नाही, हे खोटं. आणि ते दोन्ही तू एका वाक्यात सांगितलंस.

आता माझं एक ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नसतं.

तुझे वडील तुला शाळेत घालायला घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडे काही नव्हतं. तुझा जन्म तामलवाडीत झालेला नाही. तुझे आईवडील तेव्हा कर्नाटकात, आळंदकडे खडी फोडायला गेले होते. तिथं पालात तू झालीस. ना दवाखाना, ना नोंद. मी विचारलं, "कधी झाली?" तर वडील म्हणाले, "हरभरा सोंगायच्या टायमाला." कोणत्या साली, ते तुझ्या आईला आणि त्यांना वेगवेगळं आठवत होतं. मी तुझे दात पाहिले, सहाव्या वर्षात बसवायला हिशेब केला आणि लिहिलं, एक जून. आपल्याकडे वर्गातली निम्मी पोरं एक जूनची असायची, त्यात तू एक. जन्मस्थळ लिहिलं तामलवाडी. ते लिहिताना पेन अडखळलं नाही.

तुझा शाळेचा दाखला त्यावरून निघाला. दाखल्यावरून आधार, जातीचं प्रमाणपत्र, तुझी नोकरी. सगळ्याच्या मुळाशी माझा एका दुपारचा अंदाज आहे. त्या खोट्याचा मला आजवर अभिमानच वाटत आला. काल पहिल्यांदा भीती वाटली. त्या दिवशी माझं डोकं दुखत असतं, किंवा मुख्याध्यापक मागे उभे असते आणि मी म्हटलं असतं, कागद आणा मग बघू, तर वडील तुला घेऊन परत खडीवर गेले असते.

महालिंगप्पांबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेत नाही. ते चांगले आहेत. पण मी तुला ते ज्या घाईने लिहिलं, त्या घाईची मला लाज वाटते.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू गृहपाठासारखं करशील.

वनमालाबाई


धाराशिव,
३० मार्च २०२४

प्रिय शिवलीला,

साडेतीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. जन्माचं वाचून तू दुखावली असशील तर तसं लिही. गप्प राहू नको.

परवा महालिंगप्पा घरी आले होते. माझ्याशी बोलायचं असेल तर पाटीवर लिहावं लागतं. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, "पोर भोळी हाय. कोर्टात अडकल." मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी ते पुसून लिहिलं, "तुमचं ऐकती. समजावा." मी पुन्हा विचारलं, "त्या माणसाचं काय?" तेव्हा त्यांनी पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, "मी त्याला कधी उपाशी ठेवला न्हाय." आणि ते स्वतःच्याच हाताने पुसलं.

जाताना तुरीच्या डाळीचं पोतं ठेवून गेले. मी नको म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडातून "कशाला उगीच" एवढंच निघालं, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ठेवा असाच होतो. सूनबाईने त्यातली डाळ काल शिजवली. मी जेवले. शिजायला फार चांगली आहे.

लवकर लिही.

वनमालाबाई


तामलवाडी,
१४ एप्रिल २०२४

बाई, शरणु.

दुखावले नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "व्हय, पालातच झालीस. त्यात काय सांगायचं?" आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मी मात्र चार दिवस माझं आधार कार्ड काढून काढून बघत होते. जन्मतारीख वाचली की तुमचं अक्षर दिसायचं.

न लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काहीतरी करून मगच लिहायचं असं ठरवलं होतं. म्हणजे चांगली बातमी घेऊन तुमच्यासमोर उभं राहायचं होतं. तसं झालं नाही.

मार्चच्या मध्याला मी मालकांना सांगितलं की ते पत्र मी चुकीचं लिहिलं आहे आणि ते मला दुरुस्त करायचं आहे. त्यांना राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्या पंगतीला बसून माझ्यावर उलटली, असं लोक म्हणत्याल तुला."

मी म्हटलं, "म्हणू देत."

"मी त्याला जेवू घातलं का न्हाय?"

"घातलं."

"दवाखाना केला का न्हाय?"

"केला."

"मग?"

याचं उत्तर मला तिथे सुचलं नाही. परत येताना रस्त्यात सुचलं. तो जेवायला आला तो एकच दिवस, मालक. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो तुमची पोती उचलत होता. पण तोवर मी राजीनामा देऊन आले होते, आणि उत्तर सांगायला परत जायची छाती झाली नाही.

सुबल कुठे आहे हे प्रेमाबाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला सांगत नव्हत्या. म्हणाल्या, "तुला सांगावं आन् तू परत कायतरी लिवावं." शेवटी त्यांच्या घरी चुलीपुढे मी दोन संध्याकाळी बसून भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाकर काय तुला जमायची न्हाय. तुळजापुरात बघ जा. स्टँडवर."

तो तुळजापूरच्या बसस्टँडवर होता. सोलापूरहून आलेल्या गाड्यांमधून भाविक उतरतात, त्यांना लॉजवर नेण्याचं काम करतो. त्याला मुक्काम आणि जेवण मिळतं. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. मला बघून हसला आणि सवयीने म्हणाला, "रूम पाहिजे, दीदी?"

चहाच्या गाड्यामागे बाकावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. तुम्ही वाचलेलं, वकील म्हणाले ते, दोन वर्षांची मुदत. धोकाही सांगितला, या वेळी काही झाकलं नाही. ते पत्रही सांगितलं. त्याला पत्राचं माहीतच नव्हतं, बाई. मला वाटत होतं, त्याला माहीत असेल आणि त्याने मला मनातून टाकलं असेल.

तो म्हणाला, "अनोळखी म्हणजे?"

मी सांगितलं.

तो चहा पिऊन झाल्यावर बोलला. "तेव्हा तुम्ही भीती सांगितली, मी ऐकलं. आता कायदा सांगता, तो पण ऐकतो. पण दीदी, मला काय पाहिजे ते कुणी विचारत नाही."

"काय पाहिजे?"

"अजून माहीत नाही. विचार करतो."

मी त्याला म्हटलं, मी आजच्या आज पोलीस ठाण्यात जाऊन लिहून देते की तो कामगार होता, मी त्याला ओळखते, आधीचं पत्र खोटं आहे. तो एकदम उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही ठाण्यात लिहून दिलं की तुम्हाला झोप लागेल, दीदी. माझी जाईल."

एवढे दिवस मला वाटत होतं, खरं सांगितलं की झालं. पण तेही मी त्याच्याच जिवावर करायला निघाले होते.

मग तिथल्याच एका दुकानातून कागद आणला आणि लिहिलं. तो कधीपासून मिलमध्ये होता, कोणत्या मशीनवर होता, जाळी कधी काढली, त्याला काम कोण सांगायचं, हजेरीत त्याचं नाव का नाही, आणि पोलिसांना दिलेलं पत्र मी लिहिलं व ते खोटं आहे. खाली माझी सही, तारीख, पत्ता. तो कागद त्याला दिला. म्हटलं, "हा तुझा. वापर, ठेव, फाड. मला विचारायचं नाही." वसंतरावांच्या ओळखीच्या त्या वकिलांचा पत्ता मागे लिहून दिला.

त्याने घडी करून खिशात ठेवला. मग एक बस आली आणि तो तिकडे गेला.

म्हणजे ते खोटं पत्र ठाण्यात तसंच आहे. मी ते तसंच राहू दिलं आहे. त्याला हवं तोवर ते राहील, आणि रोज ते तिथे आहे हे मला माहीत असेल.

डाळीचं वाईट वाटून घेऊ नका. मीही तीन वर्षं तीच खाल्ली.

शिवलीला


धाराशिव,
२३ एप्रिल २०२४

प्रिय शिवलीला,

तू नोकरी सोडलीस, तुझ्या आईला आता तोंड काय दाखवायचं या विचारात मी आहे. नोकरीला मीच लावलं होतं.

उरलेली डाळ मी उत्कर्षबरोबर परत पाठवली. अर्धं पोतं परत करण्यात काही मोठेपणा नाही. त्याने ती गेटवर ठेवली आणि परत आला.

तो माणूस म्हणाला ते मी तुझ्या पत्रातून वहीत उतरवून घेतलं. मीही आयुष्यभर पोरांच्या वतीने ठरवत आले. बरं निघालं ते बरं निघालं. ज्यांचं बरं निघालं नाही, त्यांनी मला पत्रं लिहिली नाहीत.

इकडे ये.

वनमालाबाई


तुळजापूर,
९ जुलै २०२५

बाई, शरणु.

गेल्या वर्षभरात तुमच्याकडे येणं होत राहिलं, त्यामुळे लिहिणं राहिलं. आज मात्र लिहायलाच हवं. पाटीवर मावणार नाही.

काल दुपारी मी दुकानात एका आजींचा पेन्शनचा फॉर्म भरत होते. ऑनलाइन अर्जांच्या या दुकानात मला आता वर्ष झालं. आईचा निरोप आला की घरी कोर्टाचा माणूस येऊन गेला. समन्स आहे. येत्या बावीस तारखेला धाराशिवच्या कोर्टात साक्षीला हजर राहायचं आहे. अर्जदार, सुबल मंडल. सामनेवाले, महालिंगप्पा मालक.

त्याने अर्ज केला आहे, बाई. मला न विचारता, न सांगता. मी सांगितलं होतं तसंच.

संध्याकाळी त्याच्या वकिलांचा फोन आला. तो मधल्या काळात सोलापुरात होता. तिथल्या कामगार संघटनेतल्या लोकांनी त्याला उभं केलं. वकिलांनी त्याला दोनदा बजावलं होतं की धोका आहे, निकालाआधीही पोलीस येऊ शकतात. अर्जात गाव मोघम लिहिता येईल असंही सुचवलं होतं. त्याने पूर्ण लिहायला सांगितलं. आईचं नाव, गाव, जिल्हा, नदीपलीकडचा देश. वकिलांनी कारण विचारलं तर म्हणाला, खोटा पत्ता दिला तर पुढचं सगळं खोटं म्हणतील.

मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यावर बसून रडले. त्याला उचललं तर ते माझ्या पहिल्या पत्रामुळे असेल की दुसऱ्या कागदामुळे, एवढंच मनात येत होतं.

कोर्टापुढे दोन कागद आहेत. एक मालकांच्या बाजूने, ठाण्यातून काढलेलं फेब्रुवारीचं पत्र. एक त्याच्या बाजूने, चहाच्या गाड्यामागे लिहिलेला. दोन्ही माझ्याच अक्षरातले. वकील म्हणाले, सगळं तुमच्यावर आहे. हेही म्हणाले की खोटं लिहून दिल्याबद्दल माझ्यावर काही होऊ शकतं, ते मनात धरून या. आईला हे अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन.

प्रेमाबाईंनाही समन्स गेलं आहे. त्यांनी निरोप पाठवला, "मला लिवता येत न्हाय, पर सांगता येतंय."

मालक समोर बसलेले असतील. ते मला लीलव्वा म्हणतील की नावही घेणार नाहीत, ते कळत नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही आणि काही लपवायचंही नाही. हे दोन्ही एकदम कसं करतात, ते तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत.

त्यांचे वकील विचारतील, बाई, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता? सुबलच्या वकिलांनी सांगितलं आहे, "तेव्हा" म्हणायचं आणि थांबायचं. कारणं द्यायची नाहीत, कारणं दिली की साक्ष सैल होते.

कारणं माझ्याजवळ पुष्कळ आहेत. त्यातली निम्मी तर खरीही आहेत. बावीस तारखेला मी ती सांगणार नाही.

शिवलीला